चलनवाढ आणि वटाव दर (प्रकल्प मूल्यमापनातील)

भांडवली प्रकल्पातून पुढील काही वर्षांत मिळणाऱ्या रकमांचे आजचे मूल्य काढताना भाववाढ कशी हिशेबात घ्यावी, यासंबंधीची पद्धत. नियम एकच आहे: रोख प्रवाह (प्रकल्पात येणाऱ्या-जाणाऱ्या रकमा) ज्या रुपयांत मांडले असतील, त्याच रुपयांचा वटाव दर (पुढील रकमा आजच्या मूल्यात आणण्यासाठी लावायचा वार्षिक दर) वापरावा. त्या-त्या वर्षी प्रत्यक्ष हातात पडणाऱ्या रकमा मांडल्या असतील तर मौद्रिक दर (चलनवाढ धरून), आणि सर्व रकमा आजच्या भावाने मांडल्या असतील तर वास्तव दर (चलनवाढ वगळून).

या दोन दरांचे नाते अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर (१८६७–१९४७) यांच्या नावाने ओळखले जाते: (१ + मौद्रिक दर) = (१ + वास्तव दर) × (१ + चलनवाढीचा दर). वास्तव दर ७ टक्के आणि चलनवाढ ६ टक्के असेल, तर मौद्रिक दर १३ नव्हे, १३.४२ टक्के येतो. नुसती बेरीज-वजाबाकी चलनवाढ कमी असताना चालून जाते. ती वाढली की फरक दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही.

समजा, १० लाख रुपयांच्या यंत्रामुळे आजच्या भावाने तीन वर्षे दरसाल ४ लाख रुपये वाचतात. ७ टक्के वास्तव दराने निव्वळ वर्तमान मूल्य (बचतीचे आजचे मूल्य वजा यंत्राची किंमत) सुमारे ५० हजार रुपये येते. बचतीची रक्कम दरसाल ६ टक्क्यांनी वाढवून (४,२४,०००, ४,४९,४४०, ४,७६,४०६) १३.४२ टक्क्यांनी वटवली तरी उत्तर तेच. मात्र आजच्या भावातील ४ लाखांना १३.४२ टक्के लावले, की तेच मूल्य उणे ६२ हजार होते आणि चांगले यंत्र नाकारले जाते. उलट, वाढवलेल्या रकमांना ७ टक्के लावले तर सुमारे १ लाख ७८ हजारांचा फुगवलेला आकडा दिसतो.

व्यवहारात यांपैकी पहिली चूक अधिक संभवते आणि तीच अधिक घातक आहे. विजेचा आणि मजुरीचा आजचा दर सहज हाताशी असतो, म्हणून अंदाज आजच्या भावाने बांधले जातात. वटाव दर मात्र बँकेच्या व्याजावरून घेतला जातो, आणि त्यात चलनवाढीची अपेक्षा आधीच मिसळलेली असते. प्रकल्प जितका दीर्घायुषी, तितकी ही चूक चक्रवाढीने वाढत जाते. त्यामुळे धरणे, रेल्वेमार्ग, फळबागा यांच्यावर तिचा सर्वाधिक अन्याय होतो.

सर्व रकमा एकाच गतीने वाढतात असे मात्र नाही. मजुरी ९ टक्क्यांनी, कच्चा माल ५ टक्क्यांनी आणि विक्रीची किंमत ३ टक्क्यांनी वाढत असेल, तर प्रत्येक बाब तिच्या स्वतःच्या गतीने वाढवून मौद्रिक दर लावणेच सुरक्षित. करासाठीचा घसारा (यंत्राच्या झिजेपोटी करपात्र उत्पन्नातून वजा होणारी रक्कम) तर भाववाढीबरोबर हलतच नाही, कारण तो मूळ खरेदी किमतीवर ठरतो. भारतात सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर घटत्या शिल्लक पद्धतीने (दरवर्षी उरलेल्या किमतीवर) १५ टक्के घसारा धरला, तर वरील यंत्रावर पहिल्या वर्षी १,५०,००० आणि दुसऱ्या वर्षी १,२७,५०० रुपये मिळतात, मग महागाई कितीही असो. म्हणून घसाऱ्यामुळे होणारी करबचत ही मौद्रिक रक्कम आहे. तिला वास्तव दर लावायचा असेल, तर आधी ती आजच्या रुपयांत आणावी लागते.

खेळत्या भांडवलाकडेही (मालसाठा वगैरेंत अडकून राहणाऱ्या पैशाकडे) लक्ष द्यावे लागते. २ लाखांचा माल तेवढ्याच नगांत साठवून ठेवायचा तरी ६ टक्के भाववाढीत पहिल्या वर्षी १२,००० रुपये जादा ओतावे लागतात, दुसऱ्या वर्षी १२,७२०. मौद्रिक मांडणीत ही रक्कम धरायचे राहून गेले, तर प्रकल्प आहे त्यापेक्षा किफायतशीर भासतो.

सरकारी प्रकल्पांत वास्तव दराची पद्धत अधिक सोयीची ठरते, कारण ३०–४० वर्षांच्या महागाईचा अंदाज बांधत बसावे लागत नाही. ब्रिटिश अर्थखात्याच्या ‘ग्रीन बुक’ या मार्गदर्शिकेत ३.५ टक्के हा वास्तव दर दिला असून, तिसाव्या वर्षानंतरच्या काळासाठी तो ३ टक्क्यांवर येतो.