ओर्व्हिएतो: जायचं कसं, निघायचं कसं

रोम आणि फ्लॉरेन्स यांच्या दरम्यान, उम्ब्रिया प्रांतात, ज्वालामुखीच्या राखेतून तयार झालेल्या दगडाचा एक सुटा कडा उभा आहे. ओर्व्हिएतो त्याच्या माथ्यावर आहे आणि रेल्वे स्टेशन त्याच्या पायथ्याशी. आमच्याकडून बुकिंग करणाऱ्यांना आम्ही इथे रेल्वेनेच जायला सांगतो. आणखी एक आग्रह: परतीची गाडी आधी ठरवा, गाव पाहण्याचा बेत त्यानंतर आखा. पोहोचणं सोपं आहे, ओढाताण होते ती निघताना.

रोमहून

फ्युमिचीनो विमानतळावर उतरलात तर बहुतेक जण लिओनार्दो एक्सप्रेस दाखवतील. ही गाडी मध्ये कुठेही न थांबता अर्ध्या तासात तेर्मिनी स्टेशनला नेते, तिकीट १४ युरो. पण ओर्व्हिएतोला थेट जायचं असेल तर विमानतळाच्याच स्टेशनातून सुटणारी एफएल१ ही लोकल घ्या आणि तिबुर्तिना स्टेशनला उतरा. तिकीट ८ युरो. फ्लॉरेन्सकडच्या पुष्कळ गाड्या तिबुर्तिनालाही थांबतात, त्यामुळे तेर्मिनीच्या गर्दीत बॅगा ओढाव्या लागत नाहीत.

तेर्मिनीहूनच निघणार असाल तर थोडा वेळ हाताशी ठेवा. प्रादेशिक गाड्या कधी कधी ‘एस्त’ लिहिलेल्या फलाटांवरून सुटतात. हे फलाट मुख्य इमारतीपासून बरेच आत आहेत, सामान घेऊन सहज पाच-सात मिनिटं चालावं लागतं. बोर्डावर ओर्व्हिएतो शोधू नका, तिथे गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, बहुधा ‘फिरेन्झे सांता मारिया नोव्हेल्ला’. फिरेन्झे म्हणजेच फ्लॉरेन्स. सुसाट धावणाऱ्या फ्रेच्चारोसा गाड्या बहुतेक ओर्व्हिएतोला न थांबता जातात. आपल्या कामाच्या म्हणजे ‘रेजोनाले वेलोचे’ (जलद प्रादेशिक गाडी) आणि इंटरसिटी. रोमहून साधारण सव्वा तास लागतो, फ्लॉरेन्सहून दोन तासांच्या वर.

रेजोनालेचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढून स्वस्त मिळत नाही आणि जागा राखीव नसते. कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात पंच करा. मोबाइलवरच्या तिकिटाचं चेक-इन गाडी सुटण्याआधी करा. तिकीट खरं असूनही एवढ्यासाठी दंड होतो, म्हणून हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

स्टेशनातून वर गावात

स्टेशनाच्या दारासमोरच फ्युनिक्युलर आहे: तारेच्या दोराने ओढले जाणारे, रुळांवरचे दोन डबे. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्यावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, त्या वजनाने तो उतरायचा आणि खालचा ओढला जायचा. १९७० मध्ये ती बंद पडली आणि १९९० पासून विजेवर पुन्हा धावू लागली. दोन-तीन मिनिटांत आपण वर पियात्सा काहेन चौकात असतो. तेच तिकीट दुओमो चर्चपर्यंतच्या छोट्या बसला चालतं, त्यामुळे चौकातून पायी निघण्याची घाई करू नका. फ्युनिक्युलर रात्री साडेआठच्या सुमारास थांबते. त्यानंतर बस किंवा टॅक्सी, म्हणून उशिरा पोहोचणार असाल तर हॉटेलला आधीच कळवून ठेवा.

चौकालगतच सान पात्रित्सिओची विहीर आहे. १५२७ मध्ये रोमची लूट झाली, पोप क्लेमेंट सातवे ओर्व्हिएतोत आश्रयाला आले आणि वेढा पडलाच तर पाणी असावं म्हणून त्यांनी ही खणून घेतली. ती सुमारे ५३ मीटर खोल आहे. आत एकमेकींना न भेटणारे दोन गोल जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे: पाणी आणायला उतरणारी खेचरं एका जिन्याने आणि भरून चढणारी दुसऱ्याने. परतीच्या गाडीला तासभर असेल तर ही जरूर पाहा. गुडघे दुखत असतील तर मात्र वरूनच डोकावा.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर

मोटारमार्ग ए१ वर ओर्व्हिएतोचा स्वतंत्र एक्झिट आहे. गावाच्या पश्चिमेला, कड्याच्या पायथ्याशी काम्पो देल्ला फिएरा हे पार्किंग आहे. तिथून सरकते जिने आणि लिफ्ट थेट गावात नेतात. गाडी तिथेच ठेवा. जुन्या गावात ‘झेडटीएल’ म्हणजे परवान्याशिवाय प्रवेशबंदी असलेला भाग आहे. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येते. आपल्या लायसन्ससोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही काढावा लागतो.

चिविता दी बान्योरेज्जोला जोडून जाताना

झिजत चाललेल्या टेकडीवरचं हे चिमुकलं गाव पाहायला ओर्व्हिएतोहून बान्योरेज्जोपर्यंत कोत्रालची बस जाते. तिथून पुढे चालत जावं लागतं आणि शेवटी गावात नेणारा पादचारी पूल आहे. बसेस मोजक्याच आहेत आणि रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी त्या चालत नाहीत. रविवारची सहल आखू नका. परतीचं तिकीटही जातानाच, ‘टी’ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानातून घेऊन ठेवा.

निघताना

सिएनाला जायचं तर किउसीला गाडी बदला, पेरुजा किंवा असीसीला जायचं तर तेरोन्तोलाला. फ्युनिक्युलरमधून उतरल्यावर भुयारी मार्गाने फलाटावर जायचं असतं, त्यामुळे गाडीआधी अर्धा तास तरी चौकातून निघा.

इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. ‘शोपेरो’ शब्द दिसला की तारीख पाहा. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या संपातही चालवाव्याच लागतात. तेव्हा प्रवास त्या वेळांत बसवता येतो का ते आम्हाला विचारा, आम्ही तिकीट बदलून देऊ.

ओर्व्हिएतोत एक रात्र राहावं असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण सहलींचे गट संध्याकाळी उतरून जातात आणि दुओमोसमोरचा चौक मोकळा होतो. पण ती रात्र विमानाच्या आदल्या दिवसाची नको. सकाळचं विमान असेल तर शेवटचा मुक्काम रोममध्ये किंवा विमानतळाजवळच ठेवा.