तिधारी रानकांदा

(लॅ. ॲलियम ट्रायक्वेट्रम, कुल–ॲमरिलिडेसी). कांदा व लसूण यांच्याच प्रजातीतली ही रानटी जाती मूळची पश्चिम व मध्य भूमध्य सागरी प्रदेशातली. स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स, इटली, मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशिया येथे ओढ्याकाठी आणि ओलसर सावलीत ती वाढते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिचे वर्णन केले. लॅटिन नावातल्या ‘ट्रायक्वेट्रम’चा अर्थच ‘तीन कोनी’. मराठीत तिला रूढ नाव नाही, पण तिधारी निवडुंग पाहिलेल्याला वरचे नाव लगेच उमगेल.

ओळख पटते ती फुलांच्या दांड्यावरून. चिमटीत धरून फिरवला की तीन कडा बोटांना स्पष्ट लागतात. आडवा कापला की त्रिकोण दिसतो. जमिनीत लहान पांढरा कंद असतो आणि त्यातून दोन-तीन अरुंद, लांब पाती निघतात. पातीच्या खालच्या बाजूला ठळक कणा असतो. फुलोरा चामरकल्प (एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे देठ फुटणारा) असला तरी फुले एकाच बाजूला झुकून घंटांसारखी लोंबतात. सहा पांढऱ्या परिदलांपैकी (पाकळ्यांसारख्या दलांपैकी) प्रत्येकावर मधोमध एक हिरवी रेघ असते, जणू बारीक कुंचल्याने ओढलेली.

भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून वाढ आणि फुलोरा हिवाळा-वसंतात उरकतो. कंद कडक उन्हाळा जमिनीखाली काढतो. बोंडे धरली की दांडा आडवा होतो. काळ्या बियांना स्निग्ध पांढरे उपांग असते. त्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात, उपांग खातात आणि बी टाकून देतात. प्रसाराची ही सोय फार सुंदर आहे, पण परमुलखात तीच डोकेदुखी ठरली आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ही वनस्पती तण म्हणून माजली असून इंग्लंड व वेल्समध्ये ती रानात लावणे गुन्हा आहे.

पात, फुले व कंद खाण्याजोगे असून चव कांद्याच्या पातीसारखी, सौम्य असते. मात्र युरोपातल्या काही विषारी कंदवनस्पती दिसायला अशाच असल्याने वास घेऊनच खात्री करावी. त्यातही सांभाळावे: एक पात चुरगळली की वास बोटांनाच राहतो आणि पुढचे प्रत्येक पान कांद्याचे वाटू लागते.

आपल्याकडे रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतात तो (ड्रिमिया इंडिका) वेगळ्या कुलातला आणि विषारी आहे. नावसाधर्म्यावरून तो तोंडात घालू नये.