लाइट गेल्यावर फाइल कुठे असते? एनएफएसची पार्श्वभूमी

रत्नागिरीजवळच्या एका शाळेची संगणक खोली मी सांभाळतो. दहा यंत्रं, सगळ्यांवर लिनक्स ही कार्यप्रणाली, आणि सगळ्यांच्या फाइली ठेवणारा सर्व्हर पलीकडे ऑफिसात. मूल कुठल्याही यंत्रावर बसलं तरी त्याचाच डेस्कटॉप आणि त्याच्याच फाइली समोर येतात, कारण प्रत्येकाचं होम फोल्डर सर्व्हरवर आहे. आगोटीच्या वाऱ्यात माडाची झावळी तारेवर पडली की लाइट जाते. खोलीला इन्व्हर्टर आहे, त्यामुळे मुलांची यंत्रं चालू राहतात. ऑफिसातला यूपीएस मात्र दहा मिनिटांत मान टाकतो आणि सर्व्हर बंद होतो. मग सगळे पडदे जागच्या जागी थिजतात. नवीन मुलांना मी पहिली गोष्ट सांगतो ती ही, की बटण दाबू नका, थांबा. लाइट आली, सर्व्हर उठला, की अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे टाइप करता येतं.

हे असं का होतं याचं उत्तर, सर्व्हरवरच्या फाइली यंत्रांपर्यंत पोचवणाऱ्या एनएफएसबाबत चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या एका निर्णयात आहे.

सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. त्या काळात हार्ड डिस्क फार महाग होती, म्हणून सन डिस्क नसलेली वर्कस्टेशनंही, म्हणजे टेबलावरचे ताकदवान संगणकही, विकत असे. अशा यंत्राला सगळं काही नेटवर्कवरून मिळायला हवं. त्यातूनच नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, घडली. १९८५ मध्ये ती सनओएस २.० या सनच्याच कार्यप्रणालीबरोबर लोकांच्या हाती आली, आणि त्याच वर्षी रसेल सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी युसेनिक्स या संगणकवाल्यांच्या संघटनेच्या परिषदेत तिची रचना मांडली.

त्या रचनेचा गाभा असा, की सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचं नाही. कोणी कुठली फाइल उघडली आहे, कोण कुठवर वाचून झालंय, याची नोंद त्याच्याकडे नसते. 'या फाइलमधले, या जागेपासून, इतके बाइट दे' असं प्रत्येक वेळी यंत्रच पूर्ण सांगतं. सर्व्हर मध्येच पडला, तर यंत्र तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. त्याच जागी तोच मजकूर दोनदा लिहिला तरी बिघडत काही नाही. सर्व्हर उठून उत्तर देतो आणि काम पुढे सरकतं. सर्व्हरवरचं फोल्डर यंत्राला जोडणं म्हणजे माउंट, आणि 'हार्ड' माउंट म्हणतात ते हेच. 'सॉफ्ट' केलं तर यंत्र काही वेळाने कंटाळून चूक कळवतं आणि फाइल अर्धवट राहू शकते. पडदा थिजला की लोक चिडून 'सॉफ्ट' सुचवतात. होम फोल्डरला ते कधीच लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

या विसरभोळेपणाची किंमत वेगात मोजावी लागली. सर्व्हरला आठवण नाही, म्हणजे 'लिहिलं' असं उत्तर देण्याआधी मजकूर खरोखर डिस्कवर पोचलेला हवा. दुसऱ्या आवृत्तीत एका विनंतीत जास्तीत जास्त ८ किलोबाइट जात, आणि दर वेळी डिस्कची वाट पाहायची. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने तोड काढली: आधी मजकूर भराभर पाठवा, मग 'आता पक्कं करा' असं एकदाच सांगा, आणि तोपर्यंत यंत्राने आपली प्रत टाकू नये. लिनक्सवाल्यांनी 'असिंक' नावाचा आणखी सोपा रस्ता ठेवला होता: डिस्कवर जायच्या आधीच 'झालं' म्हणून मोकळं व्हायचं. लिनक्सवरच्या nfs-utils या एनएफएसच्या साधनसंचाच्या १.० आवृत्तीपर्यंत ते आपोआपच लागू असे. त्यानंतर 'सिंक', म्हणजे आधी डिस्क आणि मगच उत्तर, हा नियम झाला.

एका पावसाळ्यात खोली मंद चालते म्हणून मी स्वतः 'असिंक' लावलं. वेग खरंच वाढला. आठवड्याभरात लाइट गेली आणि एका वर्गाची गुणपत्रिका निम्मी कोरी निघाली. सर्व्हरने 'झालं' म्हटलं होतं, म्हणून यंत्राने आपल्याकडची प्रत टाकून दिली होती. दोन शिक्षकांनी रात्री बसून ती पुन्हा भरली. त्या दिवसापासून आमच्याकडे 'सिंक' आहे आणि राहील.

दोघांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून फाइलला कुलूप लावायचं तर मात्र सर्व्हरला आठवण हवीच. म्हणून सुरुवातीला कुलपांसाठी वेगळी सेवा जोडली होती, आणि ती नेहमीच नाजूक राहिली. २००० साली पहिल्यांदा मांडलेल्या चौथ्या आवृत्तीने कुलपं मूळ रचनेतच घेतली. आता सर्व्हर उठल्यावर आधी जुन्या यंत्रांना आपापली कुलपं परत मागायला वेळ देतो. लिनक्सवर ही मुदत साधारण ९० सेकंदांची असते. लाइट आल्यानंतरही दीड मिनिट काही उघडत नाही, ते यामुळे.

डेस्कटॉपची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८४ साली पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम सुरू झाली, १९८७ मध्ये तिची एक्स-११ ही आवृत्ती आली, १९९६ ला केडीई आणि १९९७ ला ग्नोम हे डेस्कटॉपचे प्रकल्प सुरू झाले. तेव्हापासून डेस्कटॉप म्हणजे शेकडो बारीक फाइली: सेटिंग, चित्रांच्या छोट्या प्रती, ब्राउझरचा साठा. एनएफएसला एक मोठी फाइल सोपी जाते. हजार बारीक फाइली जड जातात, कारण प्रत्येकीसाठी सर्व्हरकडे हेलपाटा पडतो. म्हणून आम्ही होम फोल्डर सर्व्हरवर ठेवून फक्त कॅशे, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून ठेवलेला तात्पुरता साठा, प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर वळवला. लॉगिनला लागणारा वेळ सगळ्यात जास्त त्यानेच कमी झाला.

मराठी शाळेत आणखी एक अडचण येते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमांत नाव २५५ बाइटांपुरतं असतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं, त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं आलं. नुसत्या 'श्री'चे १२ बाइट होतात. निबंधाचं पूर्ण शीर्षकच फाइलला द्यायची मुलांना सवय असते, आणि ती फाइल जतन होत नाही तेव्हा दोष नेटवर्कचा नसतो.