हर्णै, सुवर्णदुर्ग आणि पुणे दरबार : पार्श्वभूमी

पुण्याहून ताम्हिणी उतरून दापोलीकडे जाणाऱ्यांच्या बेतात हर्णैचा मासळीचा लिलाव हमखास असतो. समोरच्या सुवर्णदुर्गाचा मात्र बहुधा फोटोच काढला जातो. वास्तविक या जलदुर्गाचा अठराव्या शतकातील इतिहास पुणे दरबाराला वगळून सांगताच येत नाही.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात सुवर्णदुर्ग हे मराठा आरमाराचे महत्त्वाचे ठाणे होते. त्यांचे पुत्र तुळाजी पेशव्यांना जुमानीनात आणि त्यांना समुद्रावर नमवण्याइतके बळ पुण्यापाशी नव्हते, म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव बिवलकर यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिल 1755 मध्ये विल्यम जेम्सच्या जहाजांनी मारा केला, किल्ल्यातील दारूकोठार उडाले आणि किल्ला पडला. तो पेशव्यांना मिळाला. मोबदल्यात बाणकोट इंग्रजांकडे गेले. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमारही जळाले. तुळाजींच्या उपद्रवाची पुण्याची तक्रार खोटी नव्हती, परंतु स्वकीयांचे आरमार परक्यांकडून मोडून घेण्याचा हा व्यवहार आतबट्ट्याचाच ठरला. इंग्रजांना या विजयाचे मोल नेमके ठाऊक होते : जेम्सच्या पत्नीने 1784 मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा उभारला आणि त्याला सुवर्णदुर्गाचेच नाव दिले.

पुढे 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले, तेव्हा कोकणात पळालेल्या दुसऱ्या बाजीरावांनी काही काळ सुवर्णदुर्गाचाच आसरा घेतला. तेथून ते समुद्रमार्गे वसईस गेले आणि 31 डिसेंबरच्या तहाने त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. 1818 मध्ये किल्लाही इंग्रजांनी घेतला.

सुवर्णदुर्गाच्या पाठराखणीसाठी किनाऱ्यावर गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड हे किल्ले होते. गोवा किल्ल्याची तटबंदी अजून उभी आहे, कनकदुर्गावर दीपगृह आहे, तर फत्तेगडावर कोळी बांधवांची वस्ती इतकी दाट झाली आहे की किल्ला शोधावा लागतो. हर्णै बंदरात मोठ्या नौका वर्षानुवर्षे खोल पाण्यात थांबत आल्या असून त्यांच्यावरील मासळी लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर आणली जाते. लिलाव तेथेच होतो. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तो बंद असतो आणि पावसाळ्यात किल्ल्यावर जाण्यासाठी होडीही मिळत नाही.