काळ्या कव्हरची ती पुस्तकं: घरी नेण्याआधी हे वाचा

आमच्या लायब्ररीच्या काउंटरवर रोज कोणीतरी विचारतंच, "हे भुताचं आहे की लव्हस्टोरी?", आणि संध्याकाळच्या गर्दीत नीट सांगायला होत नाही म्हणून हे पत्रक छापून घेतलंय. तर उत्तर असं की दोन्ही आहे. जिन्याजवळच्या रॅकवर जी काळ्या-लाल कव्हरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं दिसतात ना, त्यांना यंग ॲडल्ट पॅरानॉर्मल रोमान्स म्हणतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी नवीन शहरात राहायला येते, तिथे तिला एक मुलगा भेटतो, तो दिसतो सतराचा पण असतो दोनशे वर्षांचा, म्हणजे माणसांचं रक्त पिणारा व्हॅम्पायर, भूत नाहीतर पंखवाला देवदूत. हे आत्ताचं फॅड आहे असं बऱ्याच आई-बाबांना वाटतं, पण देखणा खानदानी व्हॅम्पायर इंग्रजीत १८१९ सालीच छापून आलाय.

आमचं मत विचाराल तर मुलगा बघून पुस्तक घेऊ नका, शहर बघून घ्या. मुलगा सगळीकडे तोच, गोरापान, लांब कोट, कमी बोलणार. खरी मजा शहरात असते, कारण या शहरांकडे स्वतःचा असा खराखुरा भीतीदायक माल आहे आणि चांगला लेखक तोच वापरतो.

व्हेनिस घ्या. शंभराच्या वर लहान लहान बेटं, मधे कालवे, हिवाळ्यात धुकं, आणि ऑक्टोबरपासून पुढे मोठ्या भरतीला पाणी चढणार असेल तर सायरन वाजतो. (आपल्याकडे पाणी तुंबलेलं आधी व्हॉट्सॲपवर कळतं, असो.) ४ नोव्हेंबर १९६६ ला तिथे पाणी १९४ सेंटीमीटरपर्यंत चढलं होतं. जवळच्या एका बेटावर पूर्वी प्लेगच्या संशयितांना वेगळं ठेवायचे, तिथे २००६ साली खोदताना एका बाईची कवटी सापडली, तोंडात चक्क वीट कोंबलेली! शोधणाऱ्यांचं म्हणणं असं की साथीत जुन्या कबरी पुन्हा उघडाव्या लागायच्या, तेव्हा तोंडापाशी कफन कुजून फाटलेलं दिसायचं, लोकांना वाटायचं प्रेत कफन चावतंय आणि त्यामुळेच साथ पसरतेय, मग वीट घालून तोंड बंद. काही अभ्यासकांना हे पटत नाही, पण कादंबरी लिहायला एवढं बास आहे की.

पॅरिसचं तसंच. वर दिवे, कॅफे, नदीवरचे पूल, आणि खाली दगडाच्या जुन्या खाणींचे बोगदे, त्यातल्या काही भागात साठेक लाख माणसांची हाडं रचून ठेवलीयत. शहरातली कब्रस्तानं इतकी भरली की १७८६ पासून हाडं रात्री गाड्यांत घालून खाली नेली. लोकांना बघायला उघडा असतो तो साधारण दीड किलोमीटरचा तुकडा, बाकी बोगद्यांत शिरायला १९५५ पासून बंदी आहे, त्यामुळे हिरो-हिरॉईन हमखास तिथेच शिरतात.

घेण्याआधी एक टेस्ट करा. पुस्तक मधेच कुठेतरी उघडा आणि दोन पानं वाचा. व्हेनिसमधला हिरो तिला घरासमोर कारने सोडत असेल तर लेखकाने नकाशासुद्धा बघितलेला नाही, कारण तिथे गाड्या शहराच्या तोंडाशीच थांबतात, पुढे बोट नाहीतर पाय. असलं पुस्तक सरळ ठेवून द्या.

आता पालकांसाठी महत्त्वाचं. यंग ॲडल्ट म्हणजे साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी, त्यात प्रेम बहुतेक वेळा किसपर्यंतच असतं, मारामारी आणि रक्त मात्र असतं. न्यू ॲडल्ट किंवा नुसतं पॅरानॉर्मल रोमान्स लिहिलेलं असेल तर ते मोठ्यांचं. घोळ असा की कव्हरं दिसतात अगदी सारखी, काकू नातीसाठी म्हणून नेतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्यावर चिडतात, म्हणून आम्ही कण्यावर स्टिकर लावलेत, हिरवा म्हणजे मुलांना चालेल, लाल म्हणजे अठरा पूर्ण. लाल पुस्तक शाळेच्या आयकार्डवर मिळणार नाही, कितीही गोड बोललं तरी.

मागच्या कव्हरच्या आत एक कोरा कागद चिकटवलेला असतो, त्यावर आधीच्या वाचकांनी पेन्सिलने मत लिहिलेलं असतं. एकीने लिहिलंय, "मुलगा बोअर, शहर भारी, तिसऱ्या भागात कुत्रा मरत नाही, टेन्शन घेऊ नका." आमच्यापेक्षा त्या कागदावर विश्वास ठेवा. तुम्हीही लिहा, फक्त शेवट फोडू नका.

ही पुस्तकं बहुतेक तीन-चार भागांची असतात आणि पहिला भाग नेमका मधेच तुटतो, तेव्हा पहिला नेतानाच पुढचे नावावर लावून ठेवा, नाहीतर दुसरा भाग घोडबंदर रोडला कोणाच्या तरी घरी अडकलेला असतो आणि तुम्ही रोज फोन करता. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी आणाच, फुगलेलं पुस्तक परत घेत नाही. भाडं आणि डिपॉझिट काउंटरवरच्या बोर्डवर लिहिलंय, सोमवारी बंद.