मेळा संस्थेचा, जमीन शहराची: टेक्सासमधल्या पिस्तूलबंदीच्या वादाची पार्श्वभूमी

डॅलस परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला ती पाटी चांगलीच ओळखीची असते. दुकानाच्या नाहीतर दवाखान्याच्या दारावर लावलेली, वर इंग्रजी, खाली स्पॅनिश, उठून दिसेल अशा रंगात, प्रत्येक अक्षर किमान एक इंच उंच. टेक्सासच्या दंडसंहितेतल्या कलम ३०.०६ चा ठरलेला मजकूर तिच्यावर जसाच्या तसा छापावा लागतो. मतितार्थ एवढाच, की परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल घेऊन आत येऊ नका. स्पॅनिश गाळलं किंवा अक्षरं अर्ध्या इंचाची केली, तर ती पाटी कायद्याच्या कसोटीला उतरत नाही.

खासगी जागेच्या मालकाला ही पाटी लावता येते, सरकारी जागेवर लावायला मात्र सरकारलाच मनाई आहे. पण जमीन शहराची आणि ती भाड्याने चालवणारी संस्था खासगी असेल, तर पाटी लावायचा हक्क कोणाचा? २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘स्टेट फेअर ऑफ टेक्सास’ या खासगी संस्थेने डॅलसच्या फेअर पार्कमध्ये, म्हणजे शहराच्या जमिनीवर, भरणाऱ्या आपल्या वार्षिक मेळ्यात पिस्तूलबंदी जाहीर केली आणि हा प्रश्न थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

टेक्सास म्हणजे पहिल्यापासून कमरेला पिस्तूल, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. १८७१ च्या कायद्याने तिथे पिस्तूल बाळगून फिरण्यावर बंदी आली आणि काही अपवाद सोडले तर ती सव्वाशे वर्षं टिकली. चित्र पालटलं ते १६ ऑक्टोबर १९९१ ला. किलीन गावातल्या लुबीज कॅफेटेरियाच्या काचा फोडून एका माणसाने ट्रक आत घुसवला आणि गोळ्या झाडून २३ जणांचा जीव घेतला. सुझाना हप तेव्हा आईवडिलांबरोबर तिथे जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण ते जवळ बाळगणं बेकायदा होतं. आई आणि वडील, दोघंही त्या दुपारी गेले. पुढे हप यांनी ठिकठिकाणी साक्षी दिल्या आणि त्या स्वतः आमदारही झाल्या. परवानाधारकाला पिस्तूल बाळगू द्यावं असं मानणाऱ्यांच्या मनात आजही हीच दुपार आहे. त्यांचा मुद्दा पटो वा न पटो, त्यामागचं दुःख समजून घेतल्याशिवाय या वादाबद्दल बोलू नये, असं मला वाटतं.

गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये याविषयीचं विधेयक रोखलं. १९९४ च्या निवडणुकीत त्या हरल्या आणि १९९५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी परवाना घेऊन पिस्तूल बाळगण्याच्या कायद्यावर सही केली.

मग सुरू झाली पाट्यांची लढाई. कायदा नकोसा असलेल्या नगरपालिका आपल्या आवारांत मनाईचे फलक लावू लागल्या. विधिमंडळाने आधी १९९७ मध्ये पाटीचा मजकूर आणि आकार ठरवून टाकला. पुढे सरकारी मालकीच्या जागेवर ही पाटी लागूच होणार नाही, अशी दुरुस्ती २००३ मध्ये केली. तरीही फलक निघेनात, म्हणून २०१५ मध्ये दंड आला: चुकीची पाटी लावणाऱ्या सरकारी संस्थेला पहिल्या वेळी दिवसाला १,००० ते १,५०० डॉलर, पुन्हा तीच चूक केली तर दिवसाला १०,००० ते १०,५००. या सगळ्या कलमांचा रोख शहरांवर होता. शहराकडून जागा भाड्याने घेणाऱ्याचा विचार ती लिहिताना कोणी फारसा केलेला दिसत नाही, आणि पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

२०१६ मध्ये राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे मुख्य कायदा अधिकारी, केन पॅक्स्टन यांनी एक अधिकृत मत दिलं. शहराची जागा भाड्याने घेतलेल्या खासगी संस्थेने स्वतःच्या निर्णयाने पाटी लावली आणि त्यात शहराचा हात नसेल, तर शहराला दंड लागत नाही, असं ते मत होतं. संस्थांना त्याचा आधार मिळाला.

ज्या जागेवरून पुढे ठिणगी पडली, त्या फेअर पार्कची कथा मुळातच उलट्या क्रमाने घडलेली आहे. १८८६ मध्ये मेळा सुरू झाला तेव्हा जमीन मेळ्याचीच होती. १९०३ मध्ये राज्याने घोड्यांच्या शर्यतींवरचा जुगार बंद केला, उत्पन्न आटलं आणि १९०४ मध्ये जमीन डॅलस शहराला विकावी लागली. विकताना अट ठेवली, की दर शरद ऋतूत मेळ्यासाठी जागा मोकळी ठेवायची. म्हणजे आजचं हे कूळ एकेकाळचा मालक आहे. २७७ एकरांचं हे आवार, ‘बिग टेक्स’ या काउबॉयचा ५५ फुटी पुतळा, २४ दिवस आणि २० लाखांहून अधिक माणसं. त्याच आवारात कॉटन बोल हे स्टेडियम आहे. तिथे कॉलेजची फुटबॉल मॅच चालू असताना पिस्तुलाला कायद्यानेच मनाई आहे. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की नियम बदलतो.

१४ ऑक्टोबर २०२३ ला मेळ्याच्या खाद्यदालनात गोळीबार झाला, तिघे जखमी झाले. पुढच्या वर्षी संस्थेने आजी-माजी पोलीस सोडून सगळ्यांनाच पिस्तूलबंदी केली. ७० हून अधिक रिपब्लिकन आमदारांनी निषेधाचं पत्र पाठवलं. पॅक्स्टन यांनी स्वतःचं २०१६ चं मत मागे घेतलं आणि शहर व मेळा, दोघांवर दावा लावला.

जॉर्जिया राज्यात हाच प्रश्न आधी येऊन गेला होता. अटलांटाच्या पीडमाँट पार्कला लागून असलेलं बोटॅनिकल गार्डन शहराच्या जमिनीवर ५० वर्षांच्या पट्ट्याने उभं आहे. २०१४ मध्ये कमरेला पिस्तूल लावून आलेल्या एका परवानाधारकाला तिथून बाहेर काढलं आणि खटला उभा राहिला. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं: आधी भाडेपट्टा दाखवा. पट्ट्याने ठराविक वर्षांपुरता जमिनीतला मालकीसारखा हक्क दिला असेल, तर जागा तेवढी वर्षं खासगी धरायची आणि भाडेकरूने बंदी घालायला हरकत नाही. नुसता वापराचा हक्क दिला असेल, तर जागा सरकारीच राहते. गंमत नव्हे, पण ज्या कागदावर सगळं अवलंबून होतं तो पट्टाच खटल्याच्या कागदपत्रांत नव्हता. प्रकरण खाली परत पाठवावं लागलं.

जॉर्जियात पाच वर्षांपेक्षा कमी मुदतीचा करार म्हणजे नुसता वापराचा हक्क, असं गृहीत धरतात. दोन दिवसांसाठी मैदान घेणाऱ्याला मग काहीच जोर उरत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पीडमाँट पार्कात होणारा ‘म्युझिक मिडटाउन’ महोत्सव ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी रद्द झाला. आयोजकांनी जाहीर कारण दिलं नाही, बातम्यांनी मात्र सरकारी जागेवर पिस्तूलबंदी करू न देणाऱ्या तिथल्या कायद्याकडे बोट दाखवलं.

टेक्सासमध्ये २०२४ मध्ये तरी असा निवाडा झाला नाही. मेळ्याची बंदी थांबवणारा आदेश द्यायला जिल्हा न्यायालयाने नकार दिला, अपील न्यायालयानेही दिला आणि २६ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानेही. न्यायमूर्ती जिमी ब्लॅकलॉक यांनी नेमकं बोट ठेवलं: खासगी मेळ्याला स्वतःहून बंदी घालायचा अधिकार आहे की नाही, यावर राज्याने भूमिकाच घेतलेली नव्हती. मग न्यायालयाने मेळ्याला हुकूम द्यायचा तरी कशावर? दुसऱ्या दिवशी मेळ्याची दारं बंदीसह उघडली.

माझा कौल मेळ्याच्या बाजूने आहे. गर्दीची जबाबदारी ज्याच्यावर, दाराचा नियम त्याने ठरवावा. पण उलट बाजूही पोकळ नाही. शहराने जमीन एखाद्या संस्थेच्या हवाली करून स्वतःला मनाई असलेली पाटी तिच्याकरवी लावून घेतली, तर २०१५ च्या दंडाला अर्थ राहत नाही. डॅलस परिसरातली आपली मंडळंही कधी गणपतीला, कधी दिवाळीला शहराच्या मालकीचं सभागृह एखाद्या दिवसाच्या भाड्याने घेतात. त्या एका दिवसासाठी ते सभागृह कोणाचं धरायचं, याचं उत्तर टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या सप्टेंबरमध्ये दिलं नाही.