खानापूरचे सिद्दी आणि जिल्ह्याची रेघ

सिद्दी म्हटले की मराठी माणसाला जंजिरा आठवतो, नाहीतर १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर. कर्नाटकातल्या खानापूर, नंदगड, हल्याळ या पट्ट्यात सिद्दी म्हणजे आपला शेजारी. चेहरेपट्टी आफ्रिकी, केस कुरळे, बोली कोकणी, तीत मराठी आणि कानडी मिसळलेली. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहूनही केवळ रूपावरून त्यांना परदेशी समजले जाते.

जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी राज्य केले. इकडच्या बहुतेक सिद्द्यांचे पूर्वज मात्र गुलाम होते. पोर्तुगीजांनी त्यांना पूर्व आफ्रिकेतून, विशेषतः मोझांबिककडून, गोव्यात आणले. जे निसटले ते घाट चढून वर आले, आणि दाट रानाने त्यांना लपवले. ब्रिटिश मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामीचा आधार काढून घेतला, पण गोव्यात ती त्यानंतरही चालूच होती. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या साथीदारांत गजवीर नावाचा सिद्दी होता, असे या भागात सांगतात. ज्यांना आपण उपरे म्हणतो, त्यांची आठवण इथल्या लढ्यातही आहे.

यल्लापूर, हल्याळ, जोयडा, अंकोला हे तालुके उत्तर कन्नड जिल्ह्यातले, कलघटगी धारवाडचा, खानापूर बेळगावचा. रान एकच. १९५६ पर्यंत हे तिन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते, मग तिन्ही म्हैसूर राज्यात गेले. सिद्द्यांचे नशीब जिल्ह्याच्या हद्दीवर ठरले ते पुढे.

संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये वंशावरून भेदभाव करायला पहिल्यापासून मनाई आहे. वांशिक भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करारही भारताने १९६८ साली मान्य केला. परंतु वंशभेदासाठी स्वतंत्र, सर्वंकष कायदा देशात झाला नाही. सिद्द्यांसारख्या समाजाला संरक्षण मिळायचे तर वाट एकच, अनुसूचित जमातींची यादी. यादीत नाव असले तर आरक्षण मिळते, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे ‘अॅट्रॉसिटी’ म्हणतात, तोही मागे उभा राहतो.

यादीच्या आधी सरकारला सिद्दी दिसले ते मैदानावर. १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या विशेष क्षेत्र क्रीडा योजनेत सिद्दी मुलामुलींना निवडून धावण्या-उडण्याचे प्रशिक्षण दिले गेले. काही जण राष्ट्रीय पातळीपर्यंत पोचले. १९९० च्या दशकात योजना बंद पडली आणि पोरे घरी परतली. अंगातली ताकद हवी, पण जमात म्हणून मान्यता द्यायची नाही, हे मला आजही खटकते.

मान्यता आली जानेवारी २००३ मध्ये, तीही अर्धी. यादीतली नोंद होती ‘सिद्दी (उत्तर कन्नड जिल्हा)’. हल्याळच्या सिद्द्याला कुणी जातीवरून भर चौकात अपमानित केले तर अॅट्रॉसिटीखाली गुन्हा. खानापुरात त्याच्याच भाऊबंदाला केले तर त्या कायद्याचा उपयोग नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही दरी आणखी वाढवली. यादीतल्या जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलात राहत असल्याचे दाखवले की पुरे. यादीबाहेरच्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा आणायचा. पळून येऊन रानात लपलेल्यांच्या वंशजांनी इतके जुने कागद कुठून काढायचे? रेघेने माणसाचे काय होते ते आपण सीमाभागातल्या मराठी लोकांनी भोगले आहे, म्हणून तरी हे दुःख आपल्याला कळायला हवे होते. आपल्या सभांमधून त्याचा उल्लेख मी क्वचितच ऐकला.

डिसेंबर २०१९ मध्ये राज्यसभेत दुरुस्ती विधेयक आले. त्यात परिवार आणि तळवार या समाजांसोबत बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्द्यांचाही समावेश होता. २०२० मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच वर्षी यल्लापूर तालुक्यातले शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले; राज्याच्या विधिमंडळात पोचलेले ते पहिले सिद्दी.

उत्तर कन्नडची नोंद झाली तेव्हा खानापूर तालुक्यातले जे सिद्दी पोर सहा वर्षांचे, पहिलीत बसणारे होते, ते स्वतःच्या जिल्ह्याचे नाव यादीत यायच्या वेळी तेवीस वर्षांचे झाले होते.